काळ्याला काळीच

अमेरिकेत पार्सिपनीला माझ्या काकांच्या घरी ‘जात’ हा शब्द फक्त बेसमेंटमध्ये उच्चारला जायचा. वर बैठकीच्या खोलीत त्याला मज्जाव होता. वर सोफ्यावर बसून चिवडा खाताखाता लोक फार तर ‘आपल्यातले आहेत का?’ एवढंच विचारत आणि लगेच ‘तसं आम्ही काही मानत नाही म्हणा’ असं म्हणून मोकळे होत. पण जिना उतरून खाली गेलं, बॉयलरशेजारच्या उबेत मांडलेल्या काचेच्या बरण्यांसमोर उभं राहिलं, की काकांच्या तोंडी जातीशिवाय दुसरा विषय नसे. ही जात उत्तम, ती हलकी, हिची बिघडली, तिची अजून सुधारता येईल. ते सगळं माशांबद्दल असायचं. तरी ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होते आणि माशांशिवाय त्यांना दुसरं व्यसन नव्हतं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी तिथून तासाभरावरच्या विद्यापीठात मक्याच्या आनुवंशिकतेवर पीएच.डी. करत होते आणि शनिवार-रविवार बसने काका-काकूंकडे जात होते. सांगलीहून मला पाठवताना बाबांनी एकच गोष्ट बजावली होती, तिथे काका सांगेल तसं वागायचं. म्हणजे माझ्या आयुष्याची सगळी सूत्रं एका अशा माणसाच्या हातात होती, जो ऑफिसातून आल्यावर कोट न काढता आधी माशांना डासांच्या अळ्या घालायला खाली जायचा.

या माशाचं नाव बेट्टा. पण तिथले लोक त्याचा उच्चार चक्क ‘बेटा’ असा करतात. काका-काकूंना मूल नव्हतं. दुकानदार पहिल्यांदा काकूंना हसून म्हणाला होता की तुमचा बेटा फार देखणा आहे, त्याला जास्त खायला घालू नका. काकू घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे त्यांनी तो शब्द स्वतःच उचलला आणि काकांच्या डोक्यात घालायला सुरुवात केली. तुमचे बेटे उपाशी आहेत. तुमच्या बेट्यांपायी माझी लोणच्याची एक बरणी शिल्लक राहिली नाही. हे मात्र खरं होतं. दोन नर एका पाण्यात ठेवले तर एकमेकांच्या चिंध्या करतात, त्यामुळे प्रत्येक नराला स्वतंत्र बरणी लागायची. नुसतं एकमेकांना पाहिलं तरी ते कल्ले फुगवून, पर ताणून, काचेवर धडका मारत. म्हणून दोन बरण्यांच्या मध्ये काका जुनी दिवाळीची भेटकार्डं उभी करून ठेवत. एका बाजूला निळा मासा, दुसऱ्या बाजूला लाल मासा आणि मध्ये ‘शुभ दीपावली’.

माशांचं शिक्षण मला माझ्या इच्छेविरुद्ध मिळालं. दर शनिवारी जेवण झालं की काका मला खाली नेत आणि नवीन माणसाला सांगावं तसं सगळं पहिल्यापासून सांगत. दुकानात स्वस्तात मिळतो तो लोंबत्या शेपटीचा. त्याची शेपटी पदरासारखी खाली ओघळलेली असते. काकूंना तोच आवडायचा, काकांना तो मुळीच खपायचा नाही. काकांना हवी असायची त्रिकोणी शेपटी, दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि मासा फुगला की जपानी पंख्यासारखी उघडणारी. तिथल्या हौशी लोकांचा एक क्लब होता. तो एका चर्चच्या हॉलमध्ये भरायचा आणि तिथे परीक्षक नाकाला चष्मा लावून शेपटीचे कोन बघत. काही माशांची शेपटी मधोमध दुभंगलेली असते, तसे जुळ्या शेपटीचे दोन काकांकडे होते. आणि एक आखूड परांचा, मातकट रंगाचा मासा होता. मूळ आशियातल्या भातखाचरांत राहणारा तो हाच. मी एकदा म्हटलं की काका, तुम्हाला शुद्ध जातच हवी तर हा पाळा, बाकीचे सगळे याच्यातूनच निवडून निवडून केलेत. काकांनी त्या आठवड्यात मला मासे दाखवले नाहीत. एवढा सुखाचा शनिवार मला पुन्हा मिळाला नाही.

रंगांवरून तर दर वेळी वाद. अंग फिकट गुलाबी आणि पर लालभडक असा एक प्रकार असतो, त्याला कंबोडियन म्हणतात. परांना कडेने वेगळ्या रंगाचा पट्टा असला तर तो बटरफ्लाय. काकू त्याला काठपदर म्हणायच्या आणि मला तेच नाव जास्त पटायचं. एका माशावर शाई सांडल्यासारखे डाग असतात, तो मार्बल, आणि तो महिन्या-दोन महिन्यांत रंग बदलतो. काकांचा भरवसा त्याच्यावर अजिबात नव्हता. निळ्यातच तीन प्रकार. एक मोरपंखी, एक पोलादासारखा करडा-निळा आणि तिसरा रॉयल ब्लू. काकांनी रॉयल ब्लू नराला रॉयल ब्लू मादी आणून दिली आणि पिल्लं मोठी झाल्यावर कपाळाला हात लावला. अर्धी रॉयल निघाली, उरलेल्यांत काही मोरपंखी, काही पोलादी. दुकानदाराने भेसळ गळ्यात मारली असं म्हणून ते त्याच्याशी भांडायला निघाले. मी त्यांना गाडीच्या दारापाशी अडवून समजावलं की रॉयल ब्लू असतोच मिसळीचा. मोरपंखी आणि पोलादी एकत्र आले की तो होतो, त्यात शुद्ध असं काही नसतंच. काका म्हणाले, तुझं मक्याचं शास्त्र माझ्या माशांना लावू नकोस.

मग त्यांनी काळ्याचा ध्यास घेतला. क्लबमधल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांकडून त्यांनी एक नर आणला. कोळशासारखा काळा, दिव्याखाली धरला तरी दुसरी छटा नाही, आणि शेपटी अगदी परीक्षकांना हवी तशी. त्याला काळीच मादी हवी म्हणून काकांनी आणखी दोन ठिकाणी शब्द टाकला आणि ती मिळवली. ते जोडपं टाकीत सोडलं. नराने पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं केलं, मादीला विळखा घातला, खाली पडणारं एकेक अंडं तोंडात घेऊन वर घरट्यात नेऊन ठेवलं. मग काकांनी मादीला बाहेर काढलं, कारण पुढचं सगळं बापच करतो. हे कळल्यावर काकू पहिल्यांदाच त्या टाकीपाशी जरा वेळ थांबल्या होत्या. दोन दिवसांनी अंडी पांढरी पडली आणि नराने ती खाऊन टाकली. पुन्हा जोडी लावली, पुन्हा तेच. काकांनी पाणी बदललं, हीटर बदलला, मादी बदलली. घरात कोणाची तरी नजर लागते असंही एकदा म्हणून झालं आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी विद्यापीठाच्या लायब्ररीत शोधलं तर सगळं स्पष्ट होतं. या काळ्या जातीच्या माद्या वांझ असतात. काळ्या नराला पोलादी-निळी मादी द्यावी लागते. मी तसं सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, “काळ्याला काळीच हवी. निळी आणली तर जात राहील का?”

त्याच उन्हाळ्यात मी एका मुलाला जेवायला घेऊन आले. माझ्याच विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग करणारा, नागपूरचा. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं. बाबांना मी कळवलं होतं आणि बाबांचं उत्तर आलं होतं, काका काय म्हणतो? म्हणून हे जेवण.

मुलाचं आडनाव गावावरून पडलेलं, ‘कर’ लागलेलं. अशा आडनावावरून काही म्हणता काही कळत नाही, त्यामुळे काकांचं घोडं वरणभातापाशीच अडलं. त्यांनी मूळ गाव विचारलं. मग वडील काय करतात विचारलं. वडील रेल्वेत होते. मग आजोबा काय करत होते. मग कुलदैवत कोणतं. मग घरी सणाला गोडाचं काय असतं. मी टेबलाखाली मुठी आवळून बसले होते. तो मात्र एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत होता. शेवटी त्याने ताटातली पोळी संपवली आणि म्हणाला, “काका, तुम्हाला जे विचारायचंय ना ते सरळ विचारा. मी सांगतो.” काका म्हणाले, छे छे, तसलं आम्ही काही मानत नाही. मग त्याने न विचारताच सांगून टाकलं. काकूंनी त्याला आणखी भात वाढला. काका उठले, हात धुतले आणि त्याला म्हणाले, चला, तुम्हाला मासे दाखवतो.

खाली पाऊण तास काका त्याला जात समजावत होते. कोणाची उच्च, कोणाची खालची, एकदा मिसळ झाली की कशी हातची जाते. आपण हे कोणाला ऐकवतोय, एकदाही त्यांच्या लक्षात आलं नाही. मी जिन्यावर उभी राहून ऐकत होते आणि मला हसावं की खाली जाऊन एकेक बरणी फोडावी हे कळत नव्हतं. परतीच्या बसमध्ये तो एवढंच म्हणाला की मासे सुंदर आहेत यार.

त्यानंतर काकांनी जे केलं ते नकारापेक्षा वाईट होतं. त्यांनी काहीच केलं नाही. मुलगा चांगला आहे, घाई काय आहे, दादाला मी सावकाश कळवतो, एवढीच तीन वाक्यं मला पुढचे कित्येक महिने ऐकावी लागली. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला तिथेच पश्चिम किनाऱ्यावर नोकरी मिळाली होती आणि जूनमध्ये त्याला जायचं होतं. त्याच्याआधी लग्न व्हायला हवं होतं. बाबांना सोडून लग्न करायचं माझ्या मनात येत नव्हतं आणि बाबा काकांच्या शब्दाशिवाय हलत नव्हते. काका ताकास तूर लागू देत नव्हते.

काळ्यांच्या बाबतीत मात्र ते वळले. पानगळ सुरू व्हायच्या सुमारास चौथ्यांदा अंडी पांढरी पडली आणि त्यांनी हात टेकले. मी काकूंच्या डब्यांतून थोडे उडीद आणि थोडे मूग टेबलावर काढले. म्हटलं, प्रत्येक माशात दोन दाणे असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. दोन्ही उडीद असले तर मासा काळा. एक जरी मूग असला तर मासा निळा दिसतो, पण उडीद आत असतोच. मी दाण्यांच्या जोड्या लावून दाखवल्या. काळ्याला निळी दिली तर पिल्लं सगळी निळी होतील, घाबरायचं नाही. त्यातली एखादी मादी मोठी झाली की पुन्हा काळ्या नराला द्या, मग निम्मी काळी निघतील. काकांनी ते दाणे स्वतःच्या हातांनी परत मांडून पाहिले. काकूंनी ते नंतर गोळा केले आणि वेगळे करत बसल्या.

हिवाळ्यात निळी पिल्लं आली तेव्हा काकांनी मला होस्टेलवर फोन करून ‘गेली जात’ असं सांगितलं. मी पुन्हा उडीद-मूग केलं. वसंत ऋतूत दुसऱ्या खेपेची पिल्लं रंग धरू लागली आणि एका शनिवारी मी दारात पाऊल टाकते तोच काकांनी मला खालून हाका मारल्या. त्यांच्या हातात बरणी होती. बोटाच्या पेराएवढा मासा, पण काळाभोर. असे कितीतरी होते. काकांचा चेहरा मी इतका फुललेला कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, तू म्हणालीस तेच खरं, मिसळ झाली म्हणून जात तगली, नाहीतर माझ्या हातून संपलीच असती.

हीच वेळ आहे असं मला वाटलं. मी म्हटलं, “काका, मग माझं?”

त्यांनी बरणी खाली ठेवली, दोन बरण्यांच्या मधलं भेटकार्ड सरळ केलं आणि म्हणाले, “माणसाचं वेगळं असतं गं.”

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचा इतका संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं कोण जाणे. जिन्यावर काकू कपड्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या काकांना म्हणाल्या, “तुम्हाला आपल्यातलीच आणली होती ना? पत्रिका बघून, सगळं बघून. काय झालं पुढे?” त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. त्यांनी टोपली वॉशिंग मशीनपाशी ठेवली, कपडे आत टाकले, मशीन सुरू केलं आणि वर निघून गेल्या. काका त्या टाकीसमोर तसेच उभे होते. मीही त्यांना तसंच सोडून वर गेले.

संध्याकाळी मी होणाऱ्या नवऱ्याला फोन केला आणि उडीद-मुगाची सगळी हकिगत सांगितली. तो हसला. म्हणाला, म्हणजे मी मूग का? पण त्यानंतर त्याने नेहमीपेक्षा लवकर फोन ठेवला. मला माझ्याच हुशारीचा राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा झाल्यावर काका स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनपाशी गेले आणि सांगलीचा नंबर फिरवायला लागले. बाबांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांकडे लावायचा, मग कोणीतरी बाबांना बोलावून आणायचं, तोवर इकडे जीव टांगणीला. काकू गॅस पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा पुसत होत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. बाबा आले. काकांनी तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं आणि मग घसा साफ केला.

“दादा, मुलाला मी पाहिलंय. मुलगा उत्तम आहे. लग्न करून टाकू,” काका म्हणाले.

मी खुर्चीवर बसले. एवढ्यावर थांबते तर ते काका कसले.

“आणि तू जातीची काळजी करू नकोस,” ते पुढे म्हणाले. “मी स्वतः प्रयोग करून पाहिलंय. पहिल्या पिढीत दिसत नाही, पण आपला उडीद आत शाबूत राहतो. पतवंडांत परत वर येतो. मी काळे करून दाखवलेत.”

पलीकडून बाबांचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला. ते विचारत होते, उडीद? कसला उडीद? काकांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. प्रत्येकात दोन दाणे असतात. त्यांच्या डोळ्यांत कालची तीच चमक होती. त्यांनी माझ्यासाठी वाट काढली होती आणि ती त्यांना मनापासून पटली होती. एवढे महिने मी ज्या होकारासाठी नाक घासत होते तो हा असा मिळत होता. गप्प बसले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण मला काल संध्याकाळचं ते ‘म्हणजे मी मूग का?’ आठवलं आणि मी उठून काकांच्या हातातून रिसीव्हर घेतला. काढूनच घेतला म्हणा ना.

“बाबा, उडदाचं सोडा,” मी म्हटलं. “ते माशांचं आहे. माणसाचं वेगळं असतं. आत काही लपून राहत नाही आणि नंतर काही वर येत नाही. मला त्याच्याशी लग्न करायचंय आणि तुम्ही यायला हवं.”

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांचंच वाक्य होतं, ते त्यांना ओळखू आलं असावं. ते बेसमेंटचं दार उघडून खाली गेले. काकूंनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. फोनमध्ये नुसती खरखर होती. सांगलीला डॉक्टरांच्या घरी कुकरची शिट्टी झाली, ती मला पार्सिपनीत ऐकू आली. बाबांनी फोन ठेवला की काय असं मला वाटायला लागलं.

मग बाबा म्हणाले, “तो काय सांगत होता त्यातलं मला अक्षर कळलेलं नाही. तू बोललीस ते कळलं. व्हिसाला किती दिवस लागतात तेवढं विचार त्याला.”

मी फोनची वायर पुरेल तिथपर्यंत, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली ओरडून विचारलं, “काका, व्हिसाला किती दिवस लागतात?”